बाबांच्या गाडीचे प्लग

आईच्या कुरडयांवर काळे ठिपके पडायला लागले, तेव्हा गाडीचं काहीतरी बिनसलंय हे घरात पहिल्यांदा कळलं. गुडघ्यांमुळे आई गच्चीवर जात नाही. हिरावाडीतल्या माझ्या माहेरच्या अंगणात खाट टाकायची, तिच्यावर जुनी साडी अंथरायची आणि तिथेच कुरडया घालायच्या, असा तिचा उन्हाळा असतो. त्याच अंगणात, खाटेला लागूनच म्हणा ना, बाबांची गाडी उभी असते. "तुझ्या बाबांना सांग, एक तर ती गाडी ठेवा, नाहीतर मला ठेवा," आई फोनवर म्हणाली. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, त्यामुळे असले तंटे मिटवायला मलाच बोलावणं येतं. भाऊ पुण्याला असतो. तो फोनवरून नुसता निकाल देतो.

गाडी मी शाळेत होते तेव्हाची. तेव्हाही ती सेकंडहँडच घेतली होती, म्हणजे तिचं खरं वय विचारू नये. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पुढची सीट बाकासारखी सलग. बाबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. आठवडाभर सरकारी जीपमधून निफाडकडचे कालवे बघत फिरायचे आणि रविवारी आम्हाला या गाडीत कोंबून पुन्हा तेच कालवे दाखवायला न्यायचे. आम्ही भावंडं कंटाळून जायचो. बाबा मात्र शेतांकडे पाणी नेणाऱ्या प्रत्येक चारीपाशी गाडी थांबवून खाली उतरायचे आणि पाणी वाहतंय ना ते बघून यायचे.

आता बाबा ऐंशीच्या घरात आहेत आणि बघायला कालवे उरलेले नाहीत. गाडी उरली आहे. सकाळी आंघोळ, मग देवपूजा, आणि मग देवापुढची उदबत्ती घेऊन अंगणात. ती बॉनेटवरून ओवाळायची, ॲशट्रेत खोचायची, चोक ओढून गाडी चालू करायची आणि स्वतः बाहेर येऊन हात मागे बांधून इंजिन ऐकत उभं राहायचं. "तिला जरा श्वास घेऊ दे," असं त्यांचं म्हणणं. दहाएक मिनिटांनी गाडी बंद. गल्लीतल्या बायका त्या आवाजावर कुकर चढवतात. त्यानंतर दिवसात कधीतरी पंचवटीतल्या भाजीबाजारापर्यंत एक चक्कर, तीही दुसऱ्या गिअरमध्ये. एकदा एक सायकलवाला त्यांना ओलांडून पुढे गेला, तर घरी येऊन म्हणाले, "काय बेफाम चालवतात हल्लीची पोरं!"

तर ही गाडी धूर ओकायला लागली आणि मिसिंग मारायला लागली, म्हणजे चालता चालता मधेच एखादी उचकी खायची, दोन पावलं रडतखडत जायची आणि चौकात नेमकी बंद पडायची. मागून हॉर्नचा गलका. एकदा रविवार कारंज्यावर भर उन्हात बाबा बॉनेट उघडून उभे होते आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत पुण्याला भावाच्या फोनवर पोहोचला, आणि झालं.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत मी येतोय," भावाने जाहीर केलं. "माझ्या ओळखीत एक जण लग्नाच्या वरातीसाठी अशा गाड्या घेतो. बाबांनी आता चालवणं बस करावं. तू त्यांना समजव."

मी समजावणार नव्हते. उलट भावाला चार शब्द सुनावले. माझं म्हणणं सरळ होतं. बाबांना दिसतं, ऐकू येतं, मोतीबिंदू काढून झालेत, डॉक्टरने गाडी चालवू नका असं म्हटलेलं नाही. बंद पडतेय ती गाडी. गाडीच्या दुखण्यापायी माणसाला घरी बसवायचं, हा कुठला न्याय? ती एक चक्कर गेली तर बाबांच्या दिवसात उरेल काय, तर पेपर आणि टीव्ही. भाऊ यायच्या आत गाडी अशी चालली पाहिजे की त्याने तोंड उघडता कामा नये, असं मी मनाशी ठरवलं. मला एकदा असं काही चढलं की घरातले सगळे बाजूला होतात.

द्वारका चौकातल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी चारही प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवले. स्पार्क प्लग मी तोवर नीट पाहिलाच नव्हता. बोटाएवढी वस्तू. वर पांढरी चिनी माती, खाली स्क्रूसारख्या आट्यांचं लोखंड आणि टोकाला ठिणगी पडायची फट. ही चारही टोकं काजळाच्या डबीत बुडवून काढावीत इतकी काळी होती. मिस्त्रींनी ती पॉलिश पेपरने घासली, फट डोळ्यांनीच मापली आणि प्लग परत बसवले. गाडी आठवडाभर छान चालली. मग पुन्हा उचक्या, पुन्हा काजळी.

"काकाजी, आता इंजिन खोलावं लागेल," मिस्त्री म्हणाले. "अंदरसे ऑइल वर येतंय. प्लगचा काही दोष नाही."

इंजिन खोलायचं म्हटल्यावर बाबांचा चेहरा असा झाला, की मी तिथल्या तिथे गाडी परत घेतली. मग स्पेअर पार्टचं दुकान. शालिमारजवळ एक जुनं दुकान आहे, तिथल्या शेठना बाबा कितीतरी वर्षं ओळखतात. त्यांनी नवे प्लग काढून दिले. हेच प्लग या गाडीचे कशावरून, असं मी विचारलं तर म्हणाले, "ताई, आटे जुळतात, लांबी जुळते, बसतो ना? मग झालं की." नवे प्लगही पंधरवड्यात काळे ठिक्कर पडले. आईने कुरडयांची खाट शेजाऱ्यांच्या अंगणात हलवली आणि बाबांशी बोलणं कमी केलं.

उलगडा झाला तो अगदीच वेगळ्या वाटेने. मी विंचूरच्या वाईन पार्कमधल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. रोज जाऊन येऊन बराच पल्ला होतो. त्या आठवड्यात माझी गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून मी बाबांची मागून घेतली. बाबांनी ती मुलगी सासरी धाडावी तशी सूचना देऊन धाडली. मी मान डोलावली आणि नांदूर नाका ओलांडल्यावर सगळ्या सूचना विसरून माझ्या नेहमीच्या पद्धतीने हाणली. ओढा, चांदोरी, निफाड, सगळं भरभर मागे गेलं. आधी धापा टाकणारी गाडी चांदोरीनंतर गुणगुणायला लागली. मला खरंच फार मजा आली. खिडकीतून द्राक्षबागांचा वारा येत होता आणि मी बाकासारख्या सीटवर एकटीच ऐसपैस बसले होते.

तीन-चार दिवस अशी नेल्यावर बाबांनी संशयाने बॉनेट उघडलं आणि प्लग काढले. काळे नव्हते. चारही टोकं बिस्किटासारखी, छान बदामी.

"तू काय घातलंस हिच्यात?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"मग काय केलंस?"

"चालवली," मी म्हटलं.

प्लग तेच, पेट्रोल तेच, इंजिनही तेच, न खोललेलं. बदलला होता तो फक्त पेडलवरचा पाय. त्या दिवशी मी या विषयाच्या पाठीच लागले. वाचलं, फोन केले, कारखान्यातल्या मेंटेनन्सवाल्यांचं डोकं खाल्लं. कळलं ते असं. प्लगच्या टोकाशी आत चिनी मातीचं नाक असतं. ते लांब असलं तर तापलेलं राहतं आणि वर बसणारी काजळी स्वतःच जाळून टाकतं. तो गरम प्लग. आखूड असलं तर उष्णता लगेच इंजिनात निघून जाते. तो थंड प्लग. लांबवर, वेगात पळणाऱ्या गाडीला थंड लागतो, नाहीतर नाक तापून लाल होतं आणि इंजिन आतून ठकठक करायला लागतं. सावकाश, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीला गरम लागतो, नाहीतर काजळी जळतच नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आटेही तेच. आमच्या गाडीत आजवर थंड प्लग होते. बाबा आम्हाला घेऊन गावोगाव हिंडायचे तेव्हा ते ठीक होते. आता दुसऱ्या गिअरमध्ये भाजीबाजार गाठणाऱ्या गाडीला ते मानवणं शक्यच नव्हतं. आणि रोज सकाळी चोक ओढून, जागच्या जागी, इंजिन नीट तापायच्या आत बंद करणारी ती आरती तर काजळी जमवायचा उत्तम उपाय होता. बाबा इतकी वर्षं प्रेमाने गाडीचा गळा आवळत होते.

हे मी त्यांना जरा सौम्य शब्दांत सांगितलं. त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे सकाळी चालू करायची नाही?"

तो आवाज ऐकून माझा धीरच झाला नाही. "करा हो," मी म्हटलं. "आपण प्लगच बदलू."

आईला मात्र हे सगळं पहिल्या झटक्यात समजलं. "त्यात काय एवढं? उष्ण प्रकृती आणि थंड प्रकृती," ती म्हणाली. "पपई गरम पडते, काकडी थंड. तुझ्या बाबांना बारा महिने सर्दी, त्यांच्या गाडीला गरमच लागणार." यापेक्षा चांगलं मला कुठल्याही माहितीत वाचायला मिळालं नव्हतं.

मी ऐटीत दुकानात गेले आणि आधीच्या प्लगवर छापलेल्या नंबरापेक्षा मोठ्या नंबरचे प्लग मागितले. मोठा नंबर म्हणजे जास्त गरम, हे मी वाचलं होतं. शेठकडे त्या कंपनीचे नव्हते, त्यांनी दुसऱ्या कंपनीचे दिले. ते बसवले आणि गाडी भाजीबाजारापर्यंतही जाईना. निमाणीच्या बसस्टँडपाशीच आडवी झाली. बाबांना रिक्षाने घरी आणलं, गाडी ढकलत आणली, आणि मी रडकुंडीला आले. दोन दिवसांनी कळलं की त्या दुसऱ्या कंपनीत नंबरांची चाल उलटी आहे. तिथे मोठा नंबर म्हणजे जास्त थंड. मी बाबांच्या गाडीला सर्दीत आइस्क्रीम खाऊ घातलं होतं. शेठनाही हे माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी काउंटरवर खोकी पसरली, एकेक प्लग काढून टोकाशी डोळा लावला आणि नाकांची लांबी पाहून चार गरम प्लग निवडले. शेठना त्यात इतका रस आला की त्यांनी मागचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवलं.

आणि गाडी चालली! काय चालली म्हणून सांगू. धूर नाही, उचकी नाही. सकाळची उदबत्ती झाली, भाजीबाजार झाला, पंचवटीच्या अरुंद गल्ल्यांत रिक्षांच्या मागे रांगत जाणं झालं, प्लग बदामीच्या बदामी. आईची खाट अंगणात परत आली. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला बॉनेट उघडून प्लग दाखवायला लागले. मी भावाला फोन करून सांगितलं, "ये आता, खुशाल ये." मला इतका आनंद झाला होता की मी फोन ठेवून स्वयंपाकघरात एकटीच हसले. बाबांना आणखी काही वर्षं मिळवून दिली, असंच मला वाटत होतं.

त्या रविवारी बाबांनी आईला आणि मला चांदोरीला नेलं. तिथे आईच्या मावसबहिणीची द्राक्षबाग आहे, हंगाम संपत आला होता, शेवटची द्राक्षं आणायची होती. आई पुढे, मी मागे. जाताना सगळं झकास. येताना बाबा म्हणाले, नांदूर नाक्यावरून उजवीकडे वळलं की कालव्यांवरच्या नोकरीतला एक जुना साथीदार राहतो, त्याला द्राक्षं देऊ. आम्ही नाक्यावर आलो. समोरून ट्रक, कांद्याचे ट्रॅक्टर, मोटारसायकली, सगळ्यांची झुंबड. बाबा वळायला थांबले.

आणि थांबूनच राहिले. जागा मिळाली, ते निघाले नाहीत. पुन्हा मिळाली, गाडी जराशी पुढे सरकली आणि त्यांनी ब्रेक दाबला. मी मागून "बाबा, आता" म्हणाले, तेव्हा त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि समोरून येणारा टेम्पो कर्कश्श हॉर्न मारत अगदी जवळून गेला. आईने डॅशबोर्डला हात लावला. इंजिन मात्र शांत, एकसारखं चालत होतं. आमच्या मागे थांबलेल्या ट्रॅक्टरवरून एक शेतकरी खाली उतरला, काचेपाशी वाकला. "काय बाबा, जायचं हाय का नाय?" त्याने विचारलं. मग बाबांच्या तोंडाकडे बघून त्याचा सूर बदलला. "थांबा, घाबरू नका. म्या गाड्या आडवितो, तुमी निवांत निघा." तो रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला, आणि बाबांनी हळूहळू गाडी वळवली. जाताना त्याला नमस्कार केला. साथीदाराकडे द्राक्षं दिली, चहा झाला. परत येताना मी नाक्याचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत गाडीचा आवाज आला नाही. आईच्या शेजारणीने मला फोन करून विचारलं, बाबांची तब्येत बरी आहे ना.

आठवडाभराने बाबा म्हणाले, मला जरा शालिमारला सोड. मी माझ्या गाडीतून नेलं. शेठच्या दुकानात ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आमचे आधीचे प्लग असायचे ना, ते द्या. थंड."

शेठना वाटलं, काका गोंधळले. "काका, आत्ता तर गरम बसवले. चांगले नाही का चालले?"

"उत्तम चालले. पण आता गाडी ही चालवणार आहे," बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "रोज विंचूरला नेईल. हिला पळवायची सवय आहे. गरम प्लग हिच्या हातात टिकणार नाहीत."

मी भडकले. दुकानात, शेठसमोर, चांगला आवाज चढवला. मी एवढी धडपड कुणासाठी केली, भावाशी कुणासाठी भांडले, आणि एका नाक्यावर एकदा अडकलं म्हणून काय सगळं सोडून द्यायचं? मला तुमची गाडी नको, माझी मला आहे. बाबांनी मला बोलू दिलं. माझं संपल्यावर म्हणाले, "अगं, गाडी बंद पडायची तेव्हा मला बरं होतं. मला वाटायचं, हिच्यामुळे मी अडकतो. त्या दिवशी हिने काहीच कुरकुर केली नाही. गाड्या येताना मला सगळ्या दिसत होत्या, पण कुठली किती लांब आहे तेच कळेना. आणि शेजारी तुझी आई होती गं."

शेठनी प्लग काढून दिले.

अंगणात बाबांनी पाना घेतला, बॉनेट उघडलं आणि स्वतःच्या हाताने गरम प्लग काढले. तीन नवे त्यांनी लावले आणि चौथा माझ्या हातात दिला. "आधी बोटांनी फिरव. पाना शेवटी. जबरदस्तीने घातलास तर आटे जातील." मी तो बसवला. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात तेलकट, त्यामुळे ते तसंच वाहू दिलं. बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही, किंवा दिलं नसल्यासारखं केलं.

मग ते डाव्या बाजूचं दार उघडून आत बसले. त्या बाजूला मी त्यांना आयुष्यात कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. चल, नवे प्लग बघू कसे चालतात, म्हणाले. मी गाडी काढली, नांदूर नाका गेला, रस्ता मोकळा मिळाला, आणि तरी मी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच, हळूहळू, त्यांच्यासारखी चालवत राहिले. त्यांना धक्का बसू नये, भीती वाटू नये, असं काहीतरी मनात होतं. मागून एक मोटारसायकल हॉर्न देत पुढे गेली.

शिलापूरपर्यंत बाबांनी सहन केलं. मग म्हणाले, "अगं, दाब की. अशी हळू चालवलीस तर चारही काळे पडतील."

मी गिअर बदलला आणि दाबलं.